वकीलताईंची पेन्सिल

कोऱ्या कागदाची आमच्या वकीलताईंइतकी दुश्मन बाई साऱ्या भोसरीत झाली नसेल. कागद दिसला की त्यांची पेन्सिल चाललीच. दर रविवारी त्या आमच्या चाळीत पत्र्याच्या शेडखाली सतरंजी टाकून बसायच्या आणि कामावरून काढलेल्या बायकांची गाऱ्हाणी फुकट ऐकायच्या. बाई रडतेय, आणि ताई खाली मान घालून तिच्याच अर्जाच्या पाठीवर तिच्या कानातले डूल काढतायत! शेजारची पारूमावशी एकदा भडकलीच, "आवो, ऐकताय का न्हाई? का माजा फोटू काढताय?" ताईंनी मान वर न करता तिची सगळी हकीकत पहिल्यापासून म्हणून दाखवली. वर म्हणाल्या, "मावशी, हात थांबला की माझे कान बंद पडतात." एकदा तर अर्जामागं कामगार अधिकाऱ्याचंच नाक काढलेलं, आणि अर्ज तसाच टेबलावर गेला. साहेबांनी तो उलटा केला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "एवढं मोठं आहे?" ताई म्हणाल्या, "साहेब, कमीच केलंय." त्या दिवशी तारीख मात्र लवकरची मिळाली.

मग आमची केस आली. आम्हा अकरा जणींना कारखान्यातल्या ठेकेदारानं काढलं आणि सांगितलं, या बायका माझ्याकडं कधी कामाला नव्हत्याच. हजेरीचं कार्ड कुणाकडंच नव्हतं. कुणीतरी उभं राहून सांगायला हवं होतं, आणि सगळ्यांत जुनी मी. ताईंनी माझ्याकडून दोन वाक्यं आठवडाभर घोकून घेतली. भाकऱ्या थापताना मी ती तव्याला सांगायचे. सुनावणीला उभी राहिले, ठेकेदारानं नुसतं माझ्याकडं पाहिलं, आणि मी फरशीकडं बघत राहिले. साहेबांनी तीनदा विचारलं. आम्ही हरलो. अकरा जणींचं काम गेलं ते गेलंच. बाहेर आल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "उपाशी आली असशील. चल, भजी खाऊ." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्षभरात त्यांनी काळा कोट सोडला आणि थेरगावात एक खोली घेऊन नुसती चित्रं काढू लागल्या. लोक म्हणतात, त्यांना पहिल्यापासून तेच करायचं होतं. मी मनाला हेच समजावते. मन ऐकत नाही.

परवा वाकडच्या मॉलमध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. मला मुद्दाम बोलावलं होतं. एका चित्रात आम्ही अकरा जणी होतो. दहा बसलेल्या, एक उभी. साडी हिरवी, माझीच. हात वर, तोंड उघडं. एका गृहस्थांनी विचारलं, "ही काय सांगतेय?" ताई हसल्या. "तिलाच विचारा की. ही काय, इथंच उभी आहे." मी पुन्हा फरशीकडं पाहिलं. ताईंनी हळूच माझा हात धरला. "इथं भजी मिळत नाहीत गं. चल, खाली रस्त्यावर जाऊ."

तव्याला सांगितलेलं आज कागदाला सांगते. साहेब, या कारखान्यात मी सहा वर्षं कामाला होते. लोखंडी पार्टच्या धारा कानशीनं घासून मीच मोडायचे.