प्रोसेसरला गंध

आमचा लॅपटॉप व्होल्टेजमुळे गेला, असं मी गावभर सांगतो. पेडण्यात व्होल्टेजवर कसलाही आळ टिकतो. खरं कारण आज पहिल्यांदाच लिहितोय. व्होल्टेज निर्दोष आहे.

लॅपटॉप लेकीचा, मनीषाचा. त्या दिवशी अकरा वाजता तिची ऑनलाइन मुलाखत होती. नोकरीची, आयुष्यातली पहिली! आणि व्हिडिओ कॉल लावला की तो म्हातारा लॅपटॉप धापा टाकायचा. म्हणून मी म्हापशाहून त्याला बसेल असा, जरा दमदार, वापरलेला प्रोसेसर आणला होता.

"पप्पा, आज नको हां. मुलाखत होऊं दे."

"दहा मिनिटांचं काम गो!" (मी मोबाइलवर बघितलेला व्हिडिओ दहा मिनिटांचाच होता.)

ती आंघोळीला गेली आणि मी स्क्रू काढले. पंखा काढला, जुना प्रोसेसर उचलला, नवा बसवला. वाळलेली पेस्ट लख्ख पुसली. मग कळलं, तिथे उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावायची असते, नाहीतर प्रोसेसर तापतो. ती मी आणलीच नव्हती! म्हापशाला जाऊन यायला वेळ नव्हता.

तेवढ्यात देवघरातून सहाणेचा आवाज आला. आई गंध उगाळत होती.

चंदन! शीतल! लहानपणी मला ताप आला की आई कपाळावर हेच थापायची. प्रोसेसरला तरी वेगळं काय होतं?

"आये, जरासं गंध दी."

"न्हालंस?"

"न्हालंय." (नव्हतो. लिहायला बसलोच आहे, तर हेही घ्या.)

"कित्याक रे?"

"मनीच्या मुलाखतीक."

आईला गहिवरून आलं. नातीच्या कपाळाला लागणार म्हणून तिनं दुप्पट उगाळून दिलं. मी सगळं थापलं.

अकराला लॅपटॉप असा पळाला की मी दाराआड छाती फुगवून उभा राहिलो. मग वास सुटला. आधी मंद. मग आरतीला देवळात येतो तसा. मग जाळीतून धूर!

आई धावत आली आणि हात जोडून म्हणाली, "देव पावलो गो बाये!"

पडद्यावरचे साहेब दचकले. "मॅडम, आपल्याकडे पूजा आहे का?"

"नाही सर. पप्पांनी लॅपटॉप सुधारलाय."

आणि पडदा काळा झाला.

मनीषानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या खिशातला मोबाइल ओढला, पुन्हा जोडून घेतलं आणि उरलेली मुलाखत हसत दिली. संकटात डोकं शांत राहतं का, हे साहेबांनी विचारलंच नाही; डोळ्यांनी बघितलं होतं. नोकरी मिळाली.

कंपनीनं नवा लॅपटॉप पाठवला. काम संपलं की ती तो कपाटात ठेवून कुलूप लावते. परवा मी दुखावल्या आवाजात विचारलं, "इतकी भीती? आपल्याकडे चोर येतात काय गो?"

"चोर परवडलो, पप्पा. तो निदान चालू लॅपटॉप चालूच ठेवता."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर हळूच पाठीमागे नेला.