बाबा अर्धा मिनिट पुढे

माझे बाबा तुळशीराम यांना हळू बोलता येत नाही. गव्हाणला शेती होती तेव्हा ते या बांधावरून त्या बांधाशी बोलायचे. आता आम्ही नवीन पनवेलात तिसऱ्या मजल्यावर राहतो, तरी समोरचा माणूस एका शेताएवढा लांब आहे असं धरूनच ते बोलतात. खालच्या आभा मॅडम सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणाल्या, "आज तुमच्याकडे कोलंबी आहे हे आम्हाला का कळावं?" बाबा लगेच म्हणाले, "मंग याचा ना जेवाला!"

त्यांची दुसरी ओळख म्हणजे मिशी. जमीन गेली, बैल गेले, मिठागर गेलं. मिशी तेवढी गव्हाणची राहिली, असं ते स्वतःच सांगतात आणि रोज सकाळी तिला तेल लावतात.

तरुणपणी बाबा बैलगाड्या पळवायचे, त्यामुळे जनावर कळतं ते फक्त आपल्यालाच, अशी त्यांची समजूत. बैल नाहीत म्हणून ते घोड्यांवर आले. रविवारी दुपारी मुंबईच्या रेसकोर्सवरच्या शर्यती मोबाईलवरून टीव्हीवर लावायच्या आणि माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे त्यांचे साडू कुंदनकाका, यांच्याशी पैज मारायची. पैसे लावायचे नाहीत हा आईचा नियम. हरेल त्याने पुढच्या रविवारी दोन्ही घरांना पुरेल एवढी मासळी आणायची. घोडे शेवटच्या वळणावर येईपर्यंत नंबर बोलायला मुभा, आणि एकाने बोललेला नंबर दुसऱ्याला मिळत नाही.

बाबा घोड्याची पारख बैलासारखी करत. "सा नंबर बग. कपाल कसा रुंद हाय! यो घोरा मागं राहनार नाय." सहा नंबर इतका मागे राहायचा की कॅमेऱ्यात मावायचा नाही. कुंदनकाका मात्र कपाळबिपाळ बघत नसत. वळणाजवळ जो पुढे दिसेल त्याचा नंबर सांगत आणि जिंकत. लागोपाठ कित्येक रविवार आमच्याच घरून मासळी गेली. मासळीवाल्या बाईने बाबांना विचारलं, "शेट, हॉटेल टाकलाव काय?"

इथे माझ्या अकलेचा प्रवेश होतो. मी अकरावी सायन्सला आहे आणि हे मी कुणाला विसरू देत नाही.

माझा मावसभाऊ प्रितेशदादा त्याच रेसकोर्सवर केटरिंगला जातो. एका रविवारी शर्यत चालू असताना आईसाठी त्याचा फोन आला. त्याच्या मागे लोकांचा गलका चालला होता, कुणीतरी "आला, आला, चार आला!" म्हणून ओरडत होतं, आणि आमच्या टीव्हीवर घोडे अजून निम्म्यावर होते. थोड्या वेळाने टीव्हीवरही चार नंबरच आला.

मी ताडकन उठले. त्या क्षणी मला वाटलं की माझा फोटो कॉलेजच्या भिंतीवर लागणार. खरं तर हे सगळ्यांना माहीत असतं. क्रिकेटच्या वेळी शेजारी आधी ओरडतात आणि आपला सिक्स मागून येतो. पण काका जिना उतरायला लागले तशी मी बाबांना असं सांगितलं जणू प्रकाशाचा वेग मीच मोजलाय.

"बाबा, नेटवरचं चित्र अर्धा मिनिट उशिरा येतं. दादाने तिथून फोनवर नंबर सांगितला की आपल्याला शर्यत संपायच्या आधीच कळणार!"

"म्हंजे घोरा पोचलेला, पन कुंदनला ठाव नाय?"

"नाय."

बाबांनी मिशीवरून हात फिरवला. "लय शिकवला तुला मी," ते म्हणाले. फी खरं तर आई भरते.

पुढच्या रविवारी कुंदनकाका आले तेच मासळीच्या पिशवीकडे बघून हसत. "साडूभाव, आता मावरा खाऊन कंटालो. येकदा मिशी लावा ना."

"कवा?"

"फुडच्या रविवारी. दोगांची. ज्याचा नंबर चुकल त्यानी बोडायची."

"लावली!" बाबा इतके जोरात म्हणाले की आभा मॅडमनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

आई स्वयंपाकघरातून झारा घेऊनच बाहेर आली. आईचं नाव वेणू. ती बाबांच्या निम्म्या आवाजात बोलते आणि दुप्पट ऐकू येते. "डोका फिरला काय? त्याच्या फुडच्या शनिवारी प्रांजलची हलद हाय. मोऱ्याचे पावने येनार. नवरीचा बाप बोडकी मिशी घेऊन उभा राहिला तं लोक काय समजतील? घरात मयत जाली समजतील!"

ते खरंच होतं. आमच्याकडे पुरुष मिशी काढतो ती सुतकात. नवरी म्हणजे माझी ताई प्रांजल. मोरा गावच्या मुलाकडच्यांचं स्वागत दारात उभं राहून बाबाच करणार होते, आणि त्या स्वागताची तालीम ते महिनाभर आरशासमोर करत होते.

"काय नाय होत," बाबा म्हणाले आणि मला डोळा मारला. मीही मारला. आईने दोघांनाही बघितलं.

आमची तयारी जोरदार होती. बाबांच्या कानात बिनवायरचं बटण, त्यावरून डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी दादाला फोन करून बजावलं, "घोडा पहिला गेला की फक्त नंबर बोल." दादा म्हणाला, "बोलतो ना, बाय. तू टेन्शन नको घेव." आणखी कुणी तुला हेच सांगितलंय का, एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

तो रविवार आला. कुंदनकाका आले ते गळ्याला आणि कानांना मफलर गुंडाळून. मार्च संपत आलेला, बाहेर पत्रे तापलेले.

"सर्दी जाली," ते म्हणाले.

एक टॉवेलवाला, एक मफलरवाला, दोघंही घामाने निथळताहेत, आणि शास्त्रज्ञ मॅडमना काहीही संशय आला नाही. मी उठून पंखा वाढवला. वर काकांना विचारलंसुद्धा, "वाफ घेता का?"

कोपऱ्यात शिवा न्हावी पेटी घेऊन बसला होता. काकांनीच आणला होता.

शर्यत सुटली. टीव्हीवरचा माणूस इंग्रजीत दातांतून शिट्टी वाजवल्यासारखा सुसाट बोलत होता. घोडे समोरच्या बाजूला, अजून सगळे एका पुंजक्यात. दोघं साडू टीव्हीकडे बघतच नव्हते. दोघंही छताकडे बघत होते, देवाचं नाव घेत असल्यासारखे.

आणि मग दोघंही एकदम उठले.

"सात!"

"सात!"

टीव्हीवर सात नंबर तेव्हा आठवा होता.

पहिल्यांदा बाबांना उमगलं. "तुला कसा ठावं सात?"

"तुला कसा ठावं?"

"कपाल रुंद हाय!"

"आठवा हाय तो! कपाल कवा बगितलास?"

बाबांनी काकांचा मफलर ओढला, काकांनी बाबांचा टॉवेल. दोघांच्या कानांत तेच बटण. आणि दोन्ही बटणांतून प्रितेशदादाचा एकच बारीक आवाज, "सात, सात, आयकलाव का दोगांनी? सात!"

मी बाबांचा फोन हिसकावला. "दादा, तू दोघांना?"

"कॉन्फरन्सवर घेतला ना. कुंदनकाकांनी बी तेच सांगितलेला. दोगं बी माजे काकाच. येकाला आदी सांगितला तं दुसरा लग्नात माज्याशी बोलल काय?"

आई, मावशी आणि प्रितेशदादाची आई या तिघी सख्ख्या बहिणी. जगात एवढी माणसं असताना दोन्ही साडूंनी हेर म्हणून तिसऱ्या साडूचा मुलगा निवडला होता. आणि त्या योजनेची तांत्रिक सल्लागार मी.

तोवर टीव्हीवर सात नंबर खरंच पुढे आला आणि जिंकला. मला हायसं वाटलं. दोघंही बरोबर, दोन्ही मिशा शाबूत. ताईने श्वास सोडला. शिवाने पेटी बंद केली.

तेवढ्यात टीव्हीवर पाटी झळकली आणि निवेदकाचा आवाज एकदम जड झाला. सात नंबरने शेवटी आडवं घुसून चार नंबरची वाट अडवली होती. पंचांनी त्याला मागे टाकलं. पहिला चार.

दादाचा आवाज फोनमधून आला, "अरे, यो तं मना पन मगाशीच कलला!"

शिवाने पेटी परत उघडली.

"दोगांचा चुकला," आई म्हणाली. "आता इसरा ती पैज. हलद हाय."

पण बाबा शिवासमोर जाऊन बसले. बैलगाडीच्या शर्यतीत बोललेला शब्द त्यांनी कधी फिरवला नव्हता, आणि इथे तर चोरी करूनही हरले होते. "काड," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हळू. ऐकून ताई रडायलाच लागली.

कुंदनकाकांनी मफलरची घडी केली. मग पुढच्या स्टुलावर बसले. "साडूला येकटा कसा सोरू? माजी पन काड."

शिवाने दोन्ही काढल्या. मिशीखाली बाबांचा ओठ पांढराफटक आणि एखाद्या लहान मुलासारखा निघाला. मला हसू आलं, मग हसू आल्याचं वाईट वाटलं, मग परत हसू आलं.

खरी गंमत पुढे झाली. आईचे वडील काशिराम, आमचे आजोबा, गव्हाणला असतात. त्यांना मुलगा नाही, तीन मुलीच. जावईच मुलगे. त्यातल्या दोघांच्या मिशा एकाच दिवशी गेल्या, म्हटल्यावर गव्हाणपासून उलव्यापर्यंत ज्याला जो अर्थ लावायचा तो सगळ्यांनी लावला. दोन दिवस आजोबांच्याच फोनवर आजोबा गेल्याची चौकशी येत होती. तो फोन आजोबाच उचलायचे. "कवा गेले?" "मी नाय गेलो, मी घरान हाय." पलीकडून फोन कट.

शेवटी हळदीच्या दिवशी आईने तोडगा काढला. मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकली आणि आजोबांना भगवा फेटा बांधून तिच्यावर बसवलं. शेजारी बिनमिशीचे बाबा, पलीकडे बिनमिशीचे काका. मोऱ्याचे पाहुणे आले, आधी जावयांचे ओठ बघून थबकले, मग आजोबांना बघून पुढे सरकले. बाबांनी तोंड उघडलं आणि "या, या!" असं काही ओरडले की बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. ताई स्टेजवरून हसली.

सगळ्यात शेवटी आजोबांच्या गावची, पण आता उलव्याला राहणारी कृष्णाबाई आली. डोळ्यांना पदर लावूनच आली आणि मांडवात शिरताना आजोबांच्या पायांना अडखळली. तिने वर बघितलं. पदर खाली आला.

"काशिराम! तू जित्ता हाय?"

"हाय ना. बस."

"मेल्या," कृष्णाबाईने त्यांच्या फेट्यावर चापट मारली, "मी आठवडाभर मावरा सोरला ना तुज्यासाठी!"

आजोबांनी बाबांकडे बोट दाखवलं. कृष्णाबाईने बाबांचा हात धरला आणि त्यांना थेट जेवणाच्या टेबलाकडे घेऊन गेली. "आदी कोलंबी वार," ताट पुढे करत ती म्हणाली, "मंग बाकीचा बोलू."