खरखर काढणारा माणूस

बाबांच्या दुकानात दुरुस्त झालेल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असे. रेडिओ असो की टेपरेकॉर्डर, चिठ्ठीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: 'खरखर काढली.' तीस वर्षं या माणसाने दुसरं काही केलं नाही. घरात कुणाचा घसा बसला तरी ते कान टवकारायचे.

आणि अशा माणसाच्या पोटी मी जन्मले! दुकानामागच्या खोलीत आम्ही चौघा दोस्तांनी सायकेडेलिक रॉकचा बँड काढला होता. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, सूर ताणताण ताणलेले, ऐकणाऱ्याचं डोकं गरगरलं पाहिजे असा आमचा हट्ट. आई म्हणायची, "यापेक्षा गिरणी परवडली. निदान पीठ तरी पडतं." बाबा मात्र चकार शब्द काढत नसत. चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. त्या गप्प राहण्याचाच मला राग यायचा.

आमची सगळी भिस्त एका डबीवर होती. पायाने दाबली की गिटारचा आवाज फाटायचा, घोगरा व्हायचा. पहिला कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात होता, संध्याकाळी पाचला. दुपारी डबी घ्यायला गेले, तर तिला चिठ्ठी बांधलेली. 'खरखर काढली.'

मी घाईने गिटार काढली. डबी जोडून तार छेडली. आवाज धुतल्या तांदळासारखा!

आमच्या ड्रमवाल्याने कपाळाला हात लावला. "झालं. आता अंगाई वाजवू या."

मी तणतणत बाबांपुढे गेले. "कुणी सांगितलं होतं उघडायला?"

"अगं, आज तुमचा कार्यक्रम ना? चार लोकांत खरखरणारी वस्तू कशी न्यायची? दोन दुपारी बसलो होतो."

राग कुठल्या कुठे गेला. दोन दुपारी! "बाबा, ती खरखरच तर हवी होती हो," मी म्हटलं. "तिच्याशिवाय आमच्याकडे काहीच नाही."

त्यांनी डबी परत मागून घेतली. मग चष्मा चढवला, काढलेले भाग ठेवायचा पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला आणि सोल्डरिंगची सळई तापत ठेवली.

"वाजव. किती हवी ते सांग."

"अजून."

हात थबकला. "अजून?" बिचाऱ्यांचा जीव तुटत होता.

"अजून, बाबा."

पाच वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. पहिलं गाणं संपलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळेना. त्या शांततेत त्यांच्या शेजारचे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "यंत्रात काहीतरी बिघाड दिसतोय."

बाबा ताठ बसले.

"बिघाड नाही," ते म्हणाले. "मी बसवलंय ते."