टेबलाला बांधलेली वही

गावंडे सरांची आणि माझी ओळख दटावणीनेच झाली. अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयात मी प्रकल्प सहायक म्हणून रुजू झालो, तो बाळापूरहून पहिली एसटी धरून, आणि खुर्ची ओढून थेट संगणकाला हात घातला. सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "थांब ना बाप्पा! आधी वही पाह्य." टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलेली दोनशे पानी वही. संगणकात कोणी काय टाकलं, काय काढलं, कोणती आवृत्ती होती, हे आधी लिहायचं आणि खाली नाव घालायचं, हा सरांचा दंडक. प्राचार्यांनाही त्यातून सूट नव्हती.

सरांच्या साठीनिमित्त त्यांच्या शिस्तीवर चार शब्द लिहून मी मोकळा झालो असतो. पण या गौरवग्रंथाच्या संपादक शैलाताईंनी लेख मागितल्यापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. चारदा लिहिलं, चारदा फाडलं. ताईंना एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती टाळून सरांचा गौरव करणं मला जमत नाही.

तेव्हा विभागात धड चालणारा संगणक एकच. त्यावर, तेव्हा सरांच्या विद्यार्थिनी असलेल्या शैलाताईंच्या प्रबंधाचा प्रोग्रॅम चाले. कपाशीच्या पानांच्या फोटोंवरून तो किडी मोजायचा. मला तिथेच पावसाचे आलेख काढायचे होते. दोन्ही प्रोग्रॅम एकाच लायब्ररीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या तयार तुकड्यांवर, अवलंबून होते. माझ्या प्रोग्रॅमला तिची नवी आवृत्ती हवी होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मी जुनी काढली, नवी घातली, वहीत काहीच लिहिलं नाही, आणि आलेख झकास आले म्हणून चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी शैलाताईंचा प्रोग्रॅम उघडेना. प्रबंध सादर करायला सहा दिवस उरले होते. "सर, आता माह्यं काय होईन?" एवढंच त्या म्हणाल्या. मी शेजारीच उभा होतो. कालचा बदल मी कबूल केला नाही. त्या भेकडपणाची मला आजही चीड येते.

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वही उघडली. जुन्या आवृत्तीचा आकडा मागच्या एका पानावर त्यांच्याच अक्षरात होता. दोन दिवस डबा न उघडता ते बसले. तीच आवृत्ती मिळवली, आणि दोन्ही प्रोग्रॅमना आपापली लायब्ररी वेगवेगळ्या फोल्डरमध्ये दिली. "दोन जावा एका चुलीवर भांडून राह्यल्या, तर घर काहून मोडाचं? दोघींले येगयी चूल दे," ते मला म्हणाले. ताईंचे आकडे पुन्हा जसेच्या तसे आले. प्रबंध वेळेत गेला.

मग मी वही पाहिली. मी लायब्ररी बदलली त्या दिवसाच्या ओळीत होतं: 'लायब्ररी बदलली. बाकीच्यांना विचारलं नाही. चूक माझी. – गावंडे.' कोणालाही खोटी नोंद करू न देणाऱ्या सरांनी ही एक खोटी नोंद केली होती. ताईंनाही त्यांनी तेच सांगितलं होतं.

"सर, हे काहून केलं?"

"तुले येऊन आठच दिवस झाले. शैलाचा माह्यावर भरोसा हाय, तो एका चुकीनं जात नाही. तुह्यावरचा अजून बसाचा हाय. जवा हिंमत होईन, तवा माह्यं नाव खोडून तुह्यं लिहिजो."

पुढे सरांनी हा विषय कधी काढला नाही. अकोल्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हा ते स्वतः सोबत आले आणि माझ्या टेबलाला नवी वही बांधूनच परतले. आता सहकारी नोंद करायला विसरले की मी आवाज चढवतो, आणि सरांची ती ओळ आठवून वाक्य अर्धवटच राहतं.

गेल्या रविवारी मी सरांकडे गेलो. तो संगणक केव्हाच भंगारात गेला. वही मात्र त्यांनी कपाटात जपली आहे. मी त्या ओळीचं पान उघडून पेन मागितलं. सरांनी वही मिटली. "मले काय दाखवतं? मले ठाव हाय. जिले सांगाचं हाय, तिले सांग."

शैलाताई, ती लायब्ररी मी बदलली होती. इतकी वर्षं तुम्ही ज्या चुकीबद्दल सरांना हसत माफ करत आलात, ती त्यांची नव्हतीच.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांच्या हातून अजून पुष्कळ वह्या भरोत. ताई, संपादक म्हणून या लेखातलं हवं ते काढा. खालचं नाव तेवढं राहू द्या.

– अनंत ढोके