दिपमालाचा अडलेला घास

शिंदखेडा-धुळे गाडीवर दिपमाला कंडक्टर असली, की फुकटे प्रवासी ती येण्याआधीच खिशात हात घालत. तिचा आवाज पुढच्या दारापासून मागच्या बाकापर्यंत खणखणायचा. सोनगीरला चढलेल्या एका पुढाऱ्याच्या भाच्यानं तिकीट काढायला नकार दिला, तेव्हा तिनं घंटी मारून भर उन्हात गाडी थांबवली. "मामांना सांग, ते बसले तर त्यांचंही तिकीट फाडीन," असं म्हणून त्याला खाली उतरवलं. अशी ही बाई डबा उघडला की मात्र गप्प व्हायची.

आधी भाकरी अडायला लागली. घास छातीच्या मधोमध जाऊन बसायचा. ना खाली, ना वर. पुढं वरणभात अडला, मग पाणीसुद्धा. धुळ्याच्या स्टँडवर चार घास खाल्ले की ती गाडीच्या मागं जाई, हात वर करून टाचांवर उड्या मारी. कधी घास उतरे, कधी सगळं बाहेर येई. एकदा ड्रायव्हर धनसिंगनं पाहिलं.

"ताई, हाई काय व्यायाम शे?"

"हाईच मन्हं जेवन शे," ती म्हणाली आणि तोंड पुसून तिकिटं फाडायला गेली.

दोन वर्षं ती पित्ताच्या गोळ्या गिळत राहिली. त्याही अडायच्या. दुर्बिणीनं तपासलं, गाठ नाही, जखम नाही. मग गावातल्या डॉक्टरांनी पाठीवर थाप मारल्यासारखं हसून सांगितलं, "तुम्ही फार मनावर घेता," आणि झोपेची गोळी लिहून दिली. सासूला, तानुबाईला, तेवढंच पुरे झालं. तिनं भगताकडून दोरा आणून सुनेच्या दंडाला बांधला. गल्लीत कुणी म्हणे बाहेरचं आहे, कुणी म्हणे नोकरीवाली बाई, घरचं अन्न गोड लागत नाही. अंग तर असं वाळलं की खाकी शर्टाच्या बाहीतून हात काडीसारखे लोंबायचे.

दिपमालानं विळीवर दोरा कापला. गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. सासू कपाळावर हात मारून घेत होती, तेव्हा तिच्यासमोर उभी राहून म्हणाली, "आत्या, घास मन्हा अटकस. डोकं नही अटकत!"

दुसऱ्या आठवड्यात ती एकटीच धुळ्याला पोटाच्या डॉक्टरांकडे गेली. तरुण माणूस होता. जुने कागद चाळून त्यानंही विचारलं, "घरी काही टेन्शन?" दिपमालानं पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, मी इथंच जेवते. तुम्ही बघा. मग टेन्शनचं विचारा."

बाहेर पेशंट खोळंबले होते. पण डॉक्टर चिडला नाही. त्यानं पेन खाली ठेवलं. तिनं ठेच्याबरोबर ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी चावून चावून खाल्ली. तिसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. पाणी प्यायली, तेही वर आलं. बेसिनपाशी डॉक्टर तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. चावलेली भाकरी होती तशीच पडली होती.

"हे पोटापर्यंत पोचलेलंच नाही," तो म्हणाला.

"तेच तर मी दोन वर्षं सांगतेय!"

त्याच दिवशी त्यानं तिला पांढरं औषध पाजून एक्स-रे काढले. अन्ननलिका वरती पोत्यासारखी फुगली होती आणि खाली एकदम बारीक, पाखराच्या चोचीसारखी. मग नाकातून नळी घालून आतला दाब मोजायला नाशिकला जावं लागलं. तिथून रिपोर्ट आला आणि डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं: अ‍ॅकॅलेशिया.

"अन्ननलिका घास लाटेसारखा खाली ढकलते. तुमची ढकलत नाही. आणि पोटाच्या तोंडाशी जो दरवाजा आहे, तो गिळताना उघडायला हवा, तोही उघडत नाही. तिथल्या नसा निकामी झाल्यात. मनाचा काही संबंध नाही."

"थांबा," दिपमाला म्हणाली. तिनं घरी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्यापुढं धरला. "आता हेच पुन्हा बोला. मोठ्यानं. माझी सासू ऐकतेय."

डॉक्टर हसला आणि पुन्हा बोलला. 

फुगा घालून दरवाजा ताणता येतो, पण ते कदाचित पुन्हा पुन्हा करावं लागेल, असं त्यानं सांगितलं. ऑपरेशन केलं तर पोटाला पाच लहान भोकं पाडून त्या दरवाजाचे आवळलेले स्नायू उभे कापायचे, आतलं अस्तर मात्र शाबूत ठेवायचं. अस्तराला छेद जायचा धोका असतो. आणि एक गोष्ट त्यानं लपवली नाही, "दरवाजा उघडेल. पण नळी पुन्हा ढकलायला शिकणार नाही. घास आपल्या वजनानं उतरेल."

"उतरू द्या. ढकलायचं मी बघते."

घरी मात्र रान उठलं. "पोट फाडीसन कोनी बरं व्हस का?" तानुबाई ओरडली. नवरा नवल शेतातून आला तो ओसरीवरच बसून राहिला. शेवटी चाचरत म्हणाला, "तुले काही व्हई गयं ते?"

दिपमालानं बाही वर सारून हात त्याच्यापुढं धरला. "आनि असंच ऱ्हायनं, ते काय व्हई? पहाय ना!"

नवलनं पाहिलं. बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं असावं. उठून त्यानं आईला सांगितलं, "मी जास तिनासंगे."

धुळ्यातच ऑपरेशन झालं. सर्जन बाई होत्या. त्यांनी स्नायू कापले आणि पित्त वर चढू नये म्हणून जठराची एक घडी त्या जागेवर टाचली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक्स-रे काढून अस्तर शाबूत असल्याची खात्री केली, मगच पाणी दिलं. दिपमालानं घोट घेतला आणि हात आपोआप छातीवर ठेवला. काही अडलं नाही. पाणी गेलं. खाली गेलं. तिनं आणखी एक घोट घेतला, मग आणखी एक. नर्सनं पेला काढून घेतला तेव्हा तिच्याशी भांडलीसुद्धा. नवल भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता.

काही आठवडे पेज, मऊ भात, मग दुधात कुस्करलेली भाकरी. पूर्वीसारखं झालं असं नाही. अजून तिला प्रत्येक घासामागं पाणी लागतं, जेवून लगेच आडवं होता येत नाही, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा आहेत. पित्ताची गोळी मधूनमधून घ्यावी लागते, पण ती आता अडत नाही. गाडीवर परत रुजू झाली तेव्हा आजारात आवळून घेतलेला शर्ट पुन्हा सैल करून घ्यावा लागला.

गेल्या उन्हाळ्यात चिमठाण्याला पुतणीचं लग्न होतं. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. तानुबाईनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तू मांगून घरमा जेव. लोके पाहतीन."

"पाहू द्या," म्हणून दिपमाला पहिल्याच पंगतीत, अगदी मधोमध बसली. बट्टी चुरून, वरणात भिजवून ती सावकाश जेवू लागली. एक घास, एक घोट. डावी-उजवीकडचे उठले. समोरची ओळ रिकामी झाली. दुसऱ्या पंगतीचे लोक मांडवाच्या खांबांना टेकून तिच्याकडे बघू लागले. पत्रावळी गोळा करणारा तोताराम तिच्यापाशी येऊन घुटमळला.

"वहिनी, बठ्ठा लोके उठनात. उचलू का?"

दिपमाला तांब्यातलं पाणी प्यायली, आणि गाडीत मागच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "मन्हं जेवन बाकी शे. वांगानी भाजी आन!"