लाख वाती आणि माझे हात

आमच्या महाल भागातल्या भजनी मंडळात दुपारी बाया जमल्या की हातानं कापूस वळायचा आणि तोंडानं किस्सा. वाती एखादवेळी संपायच्या, किस्से नाही! त्यातले निम्मे तर माझ्या दुखण्याचेच.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मुलगा टायफॉइडमधून उठला तर त्रिपुरी पौर्णिमेला लाख वाती लावीन, असा नवस मी बोलले होते. मुलगा उठला आणि मी बसले! मान, खांदे, हात, सगळंच दुखायला लागलं. त्यात मंडळाच्या माईंचा नियम कडक. "नवसाच्या वाती आपल्याच हातच्या पाहिजेत. दुसऱ्याचा हात लागला की नवस दुसऱ्याचा!"

माईंच्या स्वतःच्या वाती सुतासारख्या बारीक. आमच्या सासूबाईंच्या मात्र करंगळीएवढ्या जाड. "माईची वात आरतीच्या आधी विझते," असं त्या माईंच्या तोंडावर सांगायच्या.

*

दुखणं असं, की दाखवायला जावं तर जागा बदलायचं. आज खांदा, उद्या मांडी. झोपून उठावं तर वाटायचं, कुणाच्या तरी शेतात राबून आले आहे. बोटं तर आंघोळीचं गरम पाणी लागेपर्यंत मिटायचीच नाहीत.

सगळ्या तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल! सासूबाईंनी रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला.

"कागद तर ठणठणीत आहे वं. मग तुले काहून दुखून राहिलं?"

*

मंडळातल्या प्रत्येकीनं मला आपापला उपवास सुचवला. कुणी सोमवार, कुणी मंगळवार, कुणी गुरुवार, थेट रविवारपर्यंत. देवाचं नाव घेतल्यावर नाही कसं म्हणायचं? मी सगळे धरले. महिनाभरात चक्कर येऊन ओट्यापाशीच बसले.

हे धावत आले. "अगं, तू जेवतेस तरी केव्हा?"

मी म्हटलं, "बुधवारी!"

*

मंडळातल्या कुसुमचं माहेर भिवापूरचं. ती म्हणाली, "आमच्याकडची मिरची तेलात कढवून चोळ. दुखणं पळते का नाही पाहाय!"

मला तर तेव्हा ब्लाऊजची शिवणसुद्धा टोचायची. पण तिनं इतक्या मायेनं बाटली आणली, की चोळून घेतलं.

दुखणं जागचं हललं नाही. पळाले मीच, न्हाणीघरात!

*

शेवटी धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सासूबाई सोबत होत्या. बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि अंगठ्यानं मानेशी, कोपराशी, गुडघ्याशी दाबत गेल्या. दर ठिकाणी मी "आई गं!" सासूबाईंचा चेहरा उतरत चालला.

"फायब्रोसायटिस म्हणतात याला," बाई म्हणाल्या. पुढे त्यालाच फायब्रोमायल्जिया म्हणू लागले. "यानं सांधे झिजत नाहीत, पण दुखणं खरं आहे. कधी कमी होईल, कधी वाढेल. रोज थोडं चाला. जमेल तेवढंच काम करा, दुपारी आडवं व्हा. गोष्टी विसरता ना? तेही यातच येतं."

मला रडू फुटलं.

"घाबरलात?"

"नाही हो. खरं आहे म्हणालात ना, म्हणून."

परतताना सायकलरिक्षात सासूबाईंनी माझा हात हलकेच आपल्या मांडीवर घेतला आणि रिक्षावाल्यावर ओरडल्या, "हळू चालव गा! खड्ड्यातून नको नेऊ. माह्या सुनेले खरं दुखणं आहे!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी त्यांनी साऱ्या मंडळात पोचवली. विसरण्यासकट!

*

मग मी दुपारी आडवी होऊ लागले. चांगल्या दिवशी चारशे वाती व्हायच्या, वाईट दिवशी दहा. पण गंमत अशी, की झोपताना अर्धी असलेली टोपली उठल्यावर शिगोशीग दिसायची.

"आई, एवढ्या वाती मी केल्या होत्या?"

"मले काय विचारतेस? मी पोथी वाचून राहिली होती."

वाटलं, केल्या असतील आणि विसरले असेन. देवाला हात जोडले आणि पुन्हा कापूस घेतला.

*

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी माई वाती मोजायला आल्या. हजाराची एक जुडी, अशा शंभर हव्या होत्या. नव्व्याण्णव भरल्या. बोटं तर त्या दिवशी वाकायलाही तयार नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सगळं केलं आणि नवस अर्धवटच राहिला!

माईंनी एक जुडी उचलून उजेडात धरली. "या इतक्या जाड कशा वं?"

सासूबाई कापसातली सरकी काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुखत्या हातच्या वाती जाडच होतात."

माईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि जुडी परत टोपलीत ठेवली. मग त्यांनी आपल्या पिशवीत हात घातला आणि एक जुडी काढून माझ्या ओंजळीत ठेवली.

सुतासारख्या बारीक वाती!

"माई, या तर..."

"तुह्याच आहेत. मंदिरात ठेवून आली होतीस. विसरतेस ना तू!"