नऊ हातांवरचा ग्लोव्ह

त्या नऊ जणांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. बायको म्हणते, आता कुणावर रागावताय, सोडा. मी सोडत नाही. राग सोडला तर त्याच्या खाली काय आहे ते मला माहीत आहे.

माझा धंदा भंगाराचा. चाकणच्या कंपन्यांमधून निघणारे पत्र्याचे तुकडे, मोडकी पॅलेट, जुनी मशिनं उचलायची, तळवड्याच्या गोडाऊनमध्ये आणून वेगवेगळी करायची आणि विकायची. बीडहून आलो तेव्हा भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये हेल्पर होतो. तिथून इथवर आलो ते जिभेच्या जोरावर. समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव मी आयुष्यात घेतला नाही. उठायचं, गेटपर्यंत चालत जायचं, मागून हाक येतेच. आणि फोन आपण आधी करायचा नाही. आधी फोन करणारा पडतो. एवढ्या दोन गोष्टींवर मी काळेवाडीत घर घेतलं आणि मुलीला इंग्रजी शाळेत घातलं.

मुलगी बारा वर्षांची, शाळेच्या फुटबॉल टीममध्ये गोलकीपर. अंगानं काडी, पण गोलपोस्टमध्ये उभी राहिली की पुढच्या पोरींवर असं ओरडायची की शेजारच्या सोसायटीतले लोक गॅलरीत येऊन बघायचे. "आवाज तुमचाच घेतलाय," बायको म्हणायची. इंग्लंडमधल्या कुठल्याशा क्लबवर तिचा जीव. त्या क्लबचा निळा मफलर ती भर उन्हाळ्यात घालून बसायची. बायकोच्या फोनवरून ती त्या क्लबला मानणाऱ्या इकडच्या लोकांच्या ग्रुपमध्ये होती. मला ते सगळं रिकामटेकडं वाटायचं.

जानेवारीत तिच्या अंगावर काळेनिळे डाग दिसायला लागले. खेळताना लागलं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. मग दात घासताना रक्त थांबेना. रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधं सुरू झाली आणि त्या औषधांनीच तिच्या प्लेटलेट्स पार खाली जायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून स्वच्छ सांगितलं, "दर दोन-तीन दिवसांनी प्लेटलेट्स द्याव्या लागतील. ग्रुप बी निगेटिव्ह आहे, सहज मिळत नाही. डोनर तुम्हाला आणावे लागतील. खंड पडला तर आतून रक्तस्राव होऊ शकतो."

घासाघीस करायला जागाच नव्हती. माझा ग्रुप जुळत नव्हता, बायकोचा नाही. सख्ख्या भावाचा जुळला. त्याला मीच इथं आणून कामाला लावलं होतं. तो एकदा प्लेटलेट्स काढायच्या मशीनवर दीड तास पडून राहिला आणि दुसऱ्या वेळी म्हणाला, "दादा, मला लय चक्कर येती रं. दुसरं कुणी बघ ना." त्याच्याशी मी अजून बोलत नाही.

इकडे मुलीनं मला न विचारता ग्रुपमध्ये लिहिलं होतं : मी अ‍ॅडमिट आहे, मॅच बघता आली नाही, दुसरा गोल कसा झाला कुणी सांगेल का. खाली हॉस्पिटलचं नाव. तिसऱ्या दिवशी एक माणूस लिफ्टपाशी मला शोधत आला. तिशी-पस्तिशीचा, केरळचा, चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला. कंपनीचा शर्ट आणि त्यावर तोच निळा मफलर.

"काका, ग्रुपने थोडा पैसा जमवला आहे," तो म्हणाला. मराठी त्याची इथल्या बारा वर्षांत बरी झाली होती.

"पैसे नकोत. तुमच्यात बी निगेटिव्ह कोण आहे?"

तो फोन काढून अंगठा चालवायला लागला. "मी आहे," तो म्हणाला, "एक. बाकी बघतो."

आठवडाभरात नऊ झाले. पुण्यापासून मुंबईपर्यंत पसरलेल्या ग्रुपमधून निवडून काढलेले नऊ. तळवड्याच्या आयटी कंपनीतली एक मुलगी, काळेवाडीतला एक गाडी-मेकॅनिक, दिघीचा एक शाळामास्तर, बाकीचे चाकणच्या लाइनवरचे. आयटीवालीनं पाळीचा तक्ता केला. आज कोण, परवा कोण, राखीव कोण. एकही दिवस चुकला नाही. मी कुणाचे उपकार सहज मानत नाही, पण त्या दोन महिन्यांत मी मानले.

ते बहुतेक पहिली शिफ्ट सुटल्यावर थेट कंपनीच्या बसमधून यायचे. दमलेले, भुकेले. रक्तपेढीत प्रत्येक वेळी दोन पानी फॉर्म. वीस-पंचवीस प्रश्न, प्रत्येकापुढे हो-नाही. त्यात वेळ जायचा, म्हणून मी फॉर्मचा गठ्ठाच मागून घेतला आणि आधीच भरून ठेवायला लागलो. नाव, वय, पत्ता, आणि सगळीकडे 'नाही'वर टिक. आमच्या भागात ही रीतच आहे. कंत्राटदार गेटपास भरतो, सेफ्टीचा फॉर्म भरतो, माणूस खाली सही करतो. वाचत बसला तर शिफ्ट निघून जाते.

"काका, तुम्ही तर आमचे कॉन्ट्रॅक्टर झालात," मेकॅनिक हसायचा.

"कर सही. वाचू नकोस, तुझी जमीन लिहून घेत नाही."

वॉर्डात कुणाला सोडत नव्हते. म्हणून रविवारी चार वाजता ते नऊ जण खालच्या पार्किंगमध्ये मफलर घालून उभे राहायचे आणि मुलगी चौथ्या मजल्याच्या बंद काचेला नाक लावून बघायची. पहिल्या रविवारी त्यांनी नुसते हात हलवले. दुसऱ्या रविवारी तिनं सलाइन नसलेला हात वर केला आणि डावीकडे खूण केली. खाली कुणाला काही कळेना. मग पेंट शॉपवाल्याच्या ध्यानात आलं. त्यानं सगळ्यांना ओळीत उभं केलं. ती बॅक लाइन, गोलपुढची बचावाची फळी, लावत होती. तिनं हात डावीकडे केला की नऊच्या नऊ डावीकडे सरकायचे, पुढे केला की पुढे. मास्तर कायम मागे राहायचा, त्याला ती बोट रोखून दाखवायची. वॉचमन पोट धरून हसायचा. काचेमुळे तिचा आवाज खाली जात नव्हता, पण ती ओरडत होती. "मास्तर, लाइन! लाइन धरा!" डोक्यावर केस नव्हते, भुवया नव्हत्या, आणि ओरडणं मात्र तेच.

एप्रिलमध्ये तिनं औषधांच्या एका बिलामागं गोलकीपरचा ग्लोव्ह काढला आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, माझ्या बॅक लाइनसाठी. मी चित्राकडे नीट बघितलंही नाही. त्या दिवशी तिची औषधं बदलली होती, मी डॉक्टरांच्या मागं होतो.

पुढच्या मंगळवारी दुपारी पेंट शॉपवाला आणि मेकॅनिक आले. प्लेटलेट्स फारच खाली होत्या, हिरड्यांतून रक्त येत होतं. मी भरलेले फॉर्म पुढे केले, त्यांनी सह्या केल्या. रक्तपेढीतल्या मॅडमनी पेंट शॉपवाल्याची बाही वर केली आणि थांबल्या.

"हे कधी काढलं?"

"परवा, रविवारी," तो खूश होऊन म्हणाला. "सगळ्यांनी. नऊच्या नऊ. तिला सरप्राइज द्यायचं आहे मॅडम, खिडकीतून."

कोपराच्या खाली काळ्या रेघांचा ग्लोव्ह. कडा अजून लाल.

"टॅटू काढल्यावर वर्षभर डोनेट करता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "संसर्गाचा धोका असतो. एवढ्यांदा आलात, तुम्हाला माहीत नाही?"

त्याचा चेहरा मी पाहिला. मेकॅनिकनं आपली बाही हळूच खाली ओढली. मला दुसरं काही दिसेना. नऊ माणसं एका फटक्यात गेली आणि वर पोरीच्या तोंडात रक्त.

मी काय काय बोललो ते सगळं इथं लिहिणार नाही. आवाज एवढा चढला की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. "खेळ वाटला तुम्हाला? माझी पोरगी म्हणजे तुमची मॅच? हातावर गोंदून मिरवायला पाहिजे होती ती?" पेंट शॉपवाला म्हणाला, "काका, ऐका. मी दुसरा डोनर शोधतो. आत्ता शोधतो." मी म्हणालो, "तोंड दाखवू नका. एकानंही. पार्किंगमध्येसुद्धा नाही." ते गेले. गेटपर्यंत चालत गेले आणि मागून हाक आली नाही.

मी गाडी काढली. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी मी शहरातली एक रक्तपेढी सोडली नाही. हात जोडले, ओरडलो, ओळखी काढल्या, पिशव्या आणल्या. खंड पडू दिला नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

बुधवारी दुपारी अशाच एका रक्तपेढीत मी बाकावर बसलो होतो. तिथला क्लार्क म्हातारा होता. तो फॉर्म कुणाच्या हाती देत नव्हता, डोनरला समोर बसवून एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होता. "कावीळ झाली होती? तीन दिवसांत पेनकिलर घेतली? वर्षभरात अंगावर टॅटू?"

मी उठून त्याच्या टेबलापाशी गेलो. फॉर्म तोच होता. तीच दोन पानं, तोच छापील मराठी मजकूर. दुसऱ्या पानावर, वरून तिसरी ओळ. तिच्यापुढे मी दोन महिने माझ्या हातानं टिक करत आलो होतो. टेंडरच्या कागदावरचा बारीकातला बारीक मजकूर वाचणारा माणूस मी. त्यांना मीच म्हणालो होतो, वाचू नका.

हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

रविवार आला. चार वाजता मुलीनं पलंग खिडकीकडं वळवायला लावला. ताप होता, उभं राहता येत नव्हतं. बायकोनं तिला मागून धरून काचेपाशी बसवलं. खाली नुसत्या दुचाक्या.

"पप्पा, कुठंय माझी बॅक लाइन?"

"ओव्हरटाइम आहे त्यांना."

"नऊच्या नऊ जणांना?" ती म्हणाली. "मास्तरांनापण ओव्हरटाइम?"

माझीच पोरगी, तिला खोटा भाव लगेच कळायचा.

बायको मला बाहेर घेऊन गेली. "अहो, एक फोन करा. रक्त नसेल देता येत, येऊन उभे तर राहतील. पाया पडते."

"त्यांनी करायला पाहिजे," मी म्हणालो. "चूक त्यांची आहे."

फोन खिशात होता. मी तो हातात घेऊनही बघितला. नंबर काढला. पेंट शॉपवाल्यानं उचलला असता तर मला काय बोलावं लागलं असतं ते माहीत होतं. अर्ध्या तासात तो चाकणहून निघाला असता. मी फोन परत ठेवला आणि त्याच्या फोनची वाट बघत बसलो. तो बिचारा मी सांगितलेलं पाळत होता.

मुलगी पाच वाजेपर्यंत काचेपाशी बसली. हात वर केला नाही.

मंगळवारी तिच्या छातीत संसर्ग पसरला. शुक्रवारी सकाळी ती गेली. पुढचा रविवार तिला मिळाला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्लेटलेट्सचा यात संबंध नाही, तुम्ही त्या कमी पडू दिल्या नाहीत, संसर्ग आवरला नाही. त्यांनी ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मला बरं वाटलं नाही. म्हणजे टॅटूनं काहीच बिघडलं नव्हतं. नऊ जणांनी वर्षभर रक्त दिलं नसतं तरी चाललं असतं. फक्त खाली उभं राहायला पाहिजे होतं.

दहाव्यानंतर पेंट शॉपवाला घरी आला. एकटाच. मे महिना, अंगातून घाम निथळतोय आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. खुर्ची असून तो खालीच बसला. म्हणाला, "काका, माफ करा. आमच्या मूर्खपणामुळे झालं."

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तो समोर बसला होता, बायको दारात उभी होती. मी म्हणालो, "ठीक आहे. झालं ते झालं." समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव आयुष्यात एकदाच घेतला, तो हा. त्यानं माझा हात धरला, डोळे पुसले आणि तो गेला.

त्यानंतर इन्शुरन्सवाल्यांनी मूळ बिलं मागितली. मी सगळी बिलं पंच करून, नंबर टाकून, पावती घेऊन जमा केली. कामात मी चोख आहे. महिन्याभरानं बायको कपाट उपसत बसली होती. म्हणाली, "तिनं ते ग्लोव्हचं चित्र काढलं होतं ना, ते बिल कुठंय?" मी एकाही बिलाची मागची बाजू बघितली नव्हती. ऑफिसात तीन चकरा मारल्या, टेबलावर मुठी आपटल्या. कागद स्कॅन करून पुढे गेले, परत येत नाहीत, म्हणाले. स्कॅन पुढच्या बाजूचं. बायकोच्या फोनमधला ग्रुप तर मीच त्या मंगळवारी रागाच्या भरात काढून टाकला होता, फोटोंसकट.

म्हणजे ते चित्र आता फक्त त्या नऊ जणांच्या हातांवर आहे.

पेंट शॉपवाला मला अधूनमधून कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर दिसतो. माझी गाडी भरत असते, त्याची शिफ्ट सुटलेली असते. बाह्या अजून मनगटापर्यंत. "काका, काकू कशा आहेत?" तो विचारतो. "बरी आहे," मी म्हणतो. त्याच्या हाताकडे बघतो. त्या दिवशी ओरडताना मला एवढंच दिसलं होतं की तिनं अंगठा बहुतेक चुकीच्या बाजूला काढला होता, आणि गोंदणाऱ्यानं तो तसाच ठेवला होता. खरंच तसा आहे का, ते बघायचं आहे. बाही वर कर म्हटलं तर तो लगेच करेल. पण मग मला फॉर्मचंही सांगावं लागेल. तो चहाचा ग्लास ठेवून बसकडे जातो. मी गाडीत बसतो आणि तळवड्यापर्यंत त्या नऊ जणांना शिव्या देत येतो.